पूर्ण तिकीट

खोटे बोलू नये, असे मी माझ्या मुलांना दिवसातून सरासरी चार वेळा सांगतो. त्यांतल्या निदान दोन वेळा तरी मी स्वतः त्याच सुमारास काहीतरी खोटे बोललेला असतो. ‘दुकान बंद झालं’, ‘गोळ्या संपल्या’, ‘मोबाइलची बॅटरी गेली’, ‘डॉक्टर टोचत नाहीत, नुसतं बघतात’. ही खोटी नव्हेत, ही संसाराच्या चाकांची वंगणे आहेत, असे माझे ठाम मत होते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बारामतीहून भिगवणला जाऊन येईपर्यंत ते टिकले.

झाले असे, की सौ.ने कुठेसे वाचले, उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो आलेत. “कच्छच्या रणातून ते इतक्या लांब येतात, आणि आपल्याला तीस किलोमीटर जाववत नाही!” पक्ष्यांशी तुलना झाल्यावर नवऱ्याने वाद घालू नये. आम्ही निघालो. मी, सौ., चौथीतली कन्या, बालवाडीतले चिरंजीव आणि आमचे अप्पा.

एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आले, की आमच्या घराण्यात माझ्याइतका महाग माणूस दुसरा नाही. अप्पांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणजे २०२२ च्या ऑगस्टपासून त्यांना प्रवास फुकट. कंडक्टर दिसला की ते आधार कार्ड असे उपसतात, की समोरच्याला तलवारच वाटावी. सौ.ला मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. कन्या बाराच्या आतली, तिचेही अर्धे. पाचाच्या आतल्या मुलाला तिकीटच नाही. उरलो मी. पूर्ण तिकिटाचा एकुलता एक प्रवासी.

आणि चिरंजीव? त्यांना अकराच दिवसांपूर्वी पाच पूर्ण झाली होती.

“पोरगं किती वर्षांचं?” कंडक्टरने विचारले.

“साडेचार,” मी म्हणालो.

बारामतीला मोरोपंतांचा वारसा आहे. ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असे अख्खे निरोष्ठ रामायण पंतांनी रचले. प, फ, ब, भ, म यांना प्रवेश बंद! मला लहानपणी प्रश्न पडायचा, की एवढा खटाटोप कशासाठी? त्या दिवशी उत्तर मिळाले. ‘पाच’ म्हणायला ओठाला ओठ लावावा लागतो. ‘साडेचार’ मात्र ओठांना पत्ता लागू न देता सुटते.

आता अशा वेळी विनोदी लेखातले मूल ताडकन उठून ओरडते, “खोटं! मी पाच वर्षांचा आहे!” आणि सगळी गाडी हसते. तसे काही झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. चिरंजिवांनी माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे. पाचही बोटे उघडली. अंगठा मिटला. मग तो अर्धवट उघडून बघितला. अर्धे वर्ष बोटावर कसे दाखवायचे ते काही जमेना, तेव्हा हात मांडीखाली दडवून तो गप्प बसला. कन्येने एकदम खिडकीबाहेरच्या उसात लक्ष घातले. तिला सारे कळले होते, आणि गप्प बसायचे असते हेही कळले होते. सौ. पिशवीत काहीतरी शोधू लागली. अप्पा तेवढे मोकळेपणाने म्हणाले, “अरे, तुला तर मी एस.टी.त दोन वर्षं चार वर्षांचा ठेवला होता!”

म्हणजे हे वडिलोपार्जित होते.

वास्तविक वाचले किती? अर्ध्या तिकिटाचे पैसे. भिगवणला उतरल्यावर मी त्याहून जास्त पैशांची भेळ सगळ्यांना खाऊ घातली. पण चैन पडेना. बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते, की तेरीज जुळत नसेल तर फरकाला नऊने भाग देऊन बघा. भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी ४५. आणि फरक अगदी किरकोळ असेल तर जास्तच घाबरा. दोन मोठ्या चुका एकमेकींच्या आड लपल्या की फरक लहान दिसतो. म्हणून बँकेत दहा रुपये जुळत नसले तरी ‘जाऊ दे, मी खिशातून घालतो’ असे म्हणून घरी जाता येत नाही.

कुंभारगावला आम्ही नावेत बसलो. उजनीचे पाणी म्हणजे बँकेतल्या माणसाला आपलेसे वाटणारे पाणी. एकूण साठा ११७ टी.एम.सी., त्यातला सुमारे ६३ मृतसाठा. पाणी त्याच्या खाली गेले, की डोळ्यांसमोर समुद्र पसरलेला असताना धरण ‘वजा’त गेले म्हणतात. फ्लेमिंगो लांबवर चिखलाच्या कडेने माना खाली घालून उभे होते. लांबून पांढुरकेच वाटत होते. “गुलाबी कुठायत?” कन्या कुरकुरली. इतक्यात थवा उडाला आणि पंखांखालचा लाल रंग असा उघडला, की आम्ही सगळेच गप्प झालो.

“पिल्लं करडी असत्यात,” नाववाला म्हणाला. “रंग मागनं येतो. जे खात्यात, त्याचा.”

मी उगाचच चिरंजिवांकडे पाहिले. नाववाल्यानेही पाहिले. “काय पैलवान, किती वर्षांचं हाय तुम्ही?”

चिरंजीव माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. ‘चप्पल इथे काढायची का?’ असे देवळाच्या दारात विचारावे, इतक्या साधेपणाने त्याने विचारले, “बाबा, इथं मी किती वर्षांचा?”

नाववाला हसला. मला हसू आले नाही.

त्या पोराने मला खोटे ठरवले नव्हतेच. त्याने स्वतःची बोटे खोटी ठरवली होती. अकरा दिवसांपूर्वी ज्या पाच आकड्याच्या मेणबत्तीवर त्याने एवढ्या ऐटीत फुंकर मारली, ती गावागावाप्रमाणे बदलणारी गोष्ट असते, असा धडा त्याने घेतला होता. बारामतीत पाच, गाडीत साडेचार, भिगवणला बाबा म्हणतील तेवढे.

खोटे कधीच बोलू नये का? कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ मध्ये लिहून ठेवले आहे, की खुनी माणूस मित्राचा पत्ता विचारत दाराशी आला, तरीही खोटे बोलू नये. कांटला मुले नव्हती. मुले असलेला माणूस इतका कडक राहू शकत नाही. कन्येने रखरखीत दुपारी केलेला खारट चहा मी ‘फक्कड’ म्हणून प्यालो आहे, आणि पुन्हा पिईन.

पण नावेत बसल्या बसल्या मला त्या दोन खोट्यांतला फरक सापडला. चहाचे खोटे मी माझ्या खात्यावर बोललो होतो. खारट चहा मी प्यालो, भुर्दंड माझा. तिकिटाचे खोटे मात्र बोललो मी, आणि नोंद पडली पोराच्या नावावर. खातेदाराच्या सहीशिवाय मी त्याच्या खात्यातून सहा महिने काढले होते. बँकेत असे केले तर घरी पाठवतात. घरात केले तर कुणी काही म्हणत नाही, कारण खातेदाराचा आपल्यावर भरवसा असतो.

“पाच,” मी म्हणालो. “पाच पूर्ण. इथं आणि सगळीकडे.”

परतीच्या गाडीत चढलो तर कंडक्टर तोच. मनात आले, आजच्या दिवस साडेचारच राहू द्यावे, उद्यापासून पाच करू. पण चिरंजीव हात उघडा धरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

“एक पूर्ण, तीन अर्धी,” मी म्हणालो.

“तीन?” कंडक्टर थबकला. “सकाळी साडेचारचं होतं ना हे पोरगं? दुपारपर्यंत पाच? भिगवणचं पानी लागलं म्हनायचं!”

“उसाला लागतं तसं!” मागून एक टोपीवाले बाबा म्हणाले. गाडी हसली. सकाळी चुकलेले हसू संध्याकाळी व्याजासकट वसूल झाले.

“नाही हो,” मी म्हणालो. “सकाळी मी खोटं बोललो.”

हे वाक्य म्हणायला फार सोपे आहे असे मी मुलांना अनेकदा सांगितले आहे. ते सोपे नाही. कान गरम होतात. हसणे थांबले. कन्या उसातून परत आली आणि माझ्याकडे बघू लागली.

“मग सकाळचंही एक अर्धं फाडा,” मी घाईघाईने म्हणालो.

कंडक्टरने यंत्राकडे बघितले, माझ्याकडे बघितले. “साहेब, सकाळच्या गाडीचं तिकीट आता ह्या मशिनीतनं निघत नाय.” मग यंत्राने कुरकुरत काढलेला कागद त्याने मला न देता चिरंजिवांच्या हातात ठेवला. “घ्या पाव्हणं, तुमचं तिकीट.”

आयुष्यातले पहिले तिकीट. चिरंजिवांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि मुठीत घट्ट धरले. बारामती येईपर्यंत तो झोपला, पण मूठ सुटली नाही. सकाळच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे माझ्या खिशात तसेच आहेत. ती रक्कम कुठल्या खात्यावर जमा करायची, हे कोणत्याही मशीनला विचारता येत नाही.

मुलगा उतरताना जागा झाला. डोळे चोळत म्हणाला, “बाबा, घरी गेल्यावर पण पाच ना?”

“घरी गेल्यावर पण,” मी म्हणालो.

अप्पा तेवढे मागे वळून पुटपुटले, “मग तू आता सेहेचाळीस नाहीस, अठ्ठेचाळीसचा.”