सहा महिन्यांचं नख

दसऱ्यानंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वस्त्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हे कोयते परततात ते मार्च-एप्रिलात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकाला यायला त्याला सहा महिने लागतात. गाव सोडताना बोटावर असलेलं नख परतताना बोटावर नसतं. ते फडातच कुठंतरी झिजून, तुटून, कापून गेलेलं असतं.

मेंदी कातडीवरून दोन-तीन आठवड्यांत उतरते. नखावरची उतरत नाही, नखासोबत पुढं सरकते. वैशाखात लग्न झालेल्या मुलीच्या नखावर दसऱ्याला टोकाशी लाल कड तेवढी राहिलेली असते, आणि नवी जोडी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन कोयत्याला लागलेली असते.

आपण ज्याला नख म्हणतो ते निर्जीव असतं. म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत आहे ते मूळ, कातडीखाली झाकलेलं. टोकाची निगा सगळे करतात. मुळाची कुणाला आठवण नसते, कारण ते दिसत नाही.

नख जिथं बोटातून बाहेर येतं तिथं एक पातळ पापुद्रा नखाला चिकटून असतो. शेताला बांध, तसा तो नखाला. बांध फुटला की पाणी आत शिरतं. पापुद्रा फाटला की पाण्यासोबत जंतू आणि बुरशी. तो कापायचा नसतो, खरवडायचा नसतो, दातानं तर ओढायचाच नसतो. पार्लरमध्ये तो कापून नख लांब दाखवतात. दिसायला छान दिसतं, मान्य. पण राखण करणाऱ्याला हाकलून घर मोठं दाखवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

फडात मात्र तो कुणी हौसेनं कापत नाही. उसाच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात. पुरुष तोडत जातो, बाई ऊस गोळा करून वाढ्यानं मोळी बांधते. वाढं पिळताना, गाठ आवळताना सगळा जोर बोटांच्या टोकांवर येतो. त्याआधी गावात कापूस वेचलेला असतो. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेलाच टोचतात, दर बोंडाला, दिवसभर. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. टोचण्याचा हिशेब कुठल्याच काट्यावर होत नाही.

मग नखुरडं होतं. बोट ठणकतं, रात्री झोप नाही. आपल्याकडं बोटावर लिंबू बसवतात. थोडं गार वाटतही असेल, पण फाटलेल्या कातडीला आंबट झोंबतं आणि लिंबानं पू काही जात नाही. सुरुवातीलाच कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवावं, कोरडं करावं. पू धरला तर दवाखाना गाठावा. सुईनं घरीच फोडणं, तेही फडावरच्या कोपीत, कंदिलाच्या उजेडात, फार महागात पडतं. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये.

नखं मऊ करायला हात पाण्यात भिजवून बसा, असा सल्ला टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला देता येत नाही. गरजही नाही. आंघोळ झाली की, भांडी घासून झाली की नखं आपोआप मऊ असतात. तीच वेळ. हात पुसून खोबरेल किंवा करडईच्या तेलाचा थेंब प्रत्येक नखाच्या मुळाशी चोळावा. पापुद्रा फार पुढं आला असेल तर ओल्या फडक्यानं हलकेच मागं सारावा. नखाजवळ सालपट सुटलं तर ओढू नये, मुळाशी स्वच्छ कापावं. पायाच्या अंगठ्याचं नख सरळ कापावं, कोपरे खोल खणू नयेत. कोपरा खोल गेला की पुढचं नख मांसात घुसतं. यात विकत घ्यावं असं फारसं काहीच नाही.

नख लिहून ठेवतं. जबर ताप येऊन गेला की काही आठवड्यांनी नखावर आडवी खाच उमटते. बो या फ्रेंच डॉक्टरनं १८४६ मध्ये ती नोंदवली, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरनं आपल्याच अंगठ्याचं नख पस्तीस वर्षं मोजलं. बत्तिसाव्या वर्षी ते दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. म्हाताऱ्या बोटाला भरून यायला वेळ लागतो. त्याला वेळ दिला पाहिजे.

पांढरे ठिपके दिसले की कॅल्शियम कमी, असं म्हणतात. बहुतेकदा ती मुळाला कधीतरी लागलेल्या छोट्या माराची खूण असते. भिण्यासारखं वेगळंच आहे. नख मधे दबून खोलगट झालं, कडा वर उचलल्या, थेंबभर पाणी त्यावर थांबू लागलं, तर अंगात लोह कमी असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पहाटे फडात उतरणारी, मोळ्या डोक्यावरून वाहणारी, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी बाई नखांवर तेल चोळून बरी होणार नाही. तिला रक्ताची तपासणी हवी, गोळ्या हव्यात, आणि पोटभर जेवण आधी हवं. नखावर नवी काळी उभी रेघ आली, रुंद होऊ लागली, तर तीही डॉक्टरांना दाखवावी. मार लागून आलेला काळेपणा नखासोबत पुढं सरकतो, तसा हा सरकत नाही.

नखांची निगा ही रिकाम्या हातांची चैन आहे, हे मला कधीच पटलेलं नाही. ज्याचं पोट बोटांवर आहे, त्याचा तिच्यावर पहिला हक्क. एक नखुरडं झालं की जोडीचा खाडा पडतो आणि उचल तेवढी फिटायची राहते.

गाडीत पीठ, भांडी, पांघरुणं चढतात तेव्हा तेलाची छोटी बाटली आणि एक नेलकटर सहज मावतं. कोपीत सगळ्यांना मिळून नेलकटर एकच असेल, तर ज्याचं बोट पिकलंय त्याची नखं शेवटी काढावीत, आणि मग ते साबणानं धुऊन, कोरडं पुसून ठेवावं.