चाळिशीच्या बाईने जायचं कुठे?

दूरशिक्षणातलं मानसशास्त्र बंद झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ते दार लावलं. माझा संताप त्या निर्णयापेक्षा त्यावर मिळणाऱ्या उत्तरावर आहे. या आठवड्यात एटापल्लीकडच्या एक आशाताई समुपदेशनाच्या शिक्षणाची चौकशी करत होत्या. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची बी.ए.ची गुणपत्रिका त्यांनी घडी पडू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून आणली होती. समोरचे शिकलेसवरलेले गृहस्थ त्या गुणपत्रिकेकडे न बघताच म्हणाले, "एवढी आवड आहे तर रेग्युलर करा ना."

रेग्युलर करा म्हणजे काय करा? सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. सकाळच्या तासाला हजर राहायचं तर रात्री मुक्काम कुठे? वसतिगृहात, लेकीच्या वयाच्या पोरींसोबत? धानाची रोवणी कोणी करायची? सासूला दवाखान्यात कोणी न्यायचं? आशाताईंना कामाचा मोबदला मिळतो. काम सोडलं की तोही गेला. मग दोन वर्षं घर कशावर चालवायचं? हा सल्ला देणाऱ्याने स्वतःच्या घरातल्या बाईला चाळिशीनंतर दोन वर्षं नागपूरला शिकायला ठेवलं असेल, तर मी माझे शब्द मागे घेईन.

"आता या वयात कशाला?" असंही कोणी बोललं. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे जागा नाही.

दर्जाचा मुद्दा मात्र खरा आहे. दुसऱ्याचं दुःख हाताळणं टपालाने आलेल्या पुस्तकांतून येत नाही. जाणत्याच्या नजरेखाली प्रत्यक्ष काम करावं लागतं, चुकावं लागतं. पण ती नजर गावापर्यंत पोचत नाही, हे गडचिरोलीत तरी कोणी सांगू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने इथल्याच खेड्यांतल्या बेताच्या शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, त्यांच्या कामावर बारीक लक्ष ठेवलं. बाळांचे मृत्यू इतके घटले की 1999 साली 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. त्या बाया गावातच राहिल्या, शिकवणारे त्यांच्याकडे गेले.

आणि गरज किती आहे! 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा घरांना सरकार 25 लाख देतं, द्यायलाच हवेत. पण ज्या बाया अशा प्रसंगातून जिवंत परततात, त्यांनी पुढच्या हंगामात त्याच जंगलात कोणत्या काळजाने जायचं? त्यांच्याजवळ बसणारं, त्यांचं ऐकून घेणारं, घाईने "पॉझिटिव्ह राहा" न म्हणणारं माणूस हवं. 14416 वर टेलिमानस आहे, चांगली सोय आहे, पण रेंज असेल तिथे. माडिया बोलणारी, कोणाच्या घरात दारूने काय केलंय हे न विचारता जाणणारी बाई गावातच असते. बाहेरून आलेला पदवीधर पहिल्या वर्षीच बदलीचा अर्ज टाकतो.

नागपूर लांब पडतं म्हणून 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याच न्यायाने शनिवार-रविवारचे वर्ग अहेरीत, धानोऱ्यात, ब्रह्मपुरीत का नसावेत? शिकवणाऱ्याने प्रवास करावा, त्याला भत्ता द्यावा, आशाताईंच्या कामाचाच काही भाग सराव म्हणून धरावा. आयोग हलेल तेव्हा हलेल, एवढं तरी इथल्या इथे करता येईल.

इकडे दोन दिवसांत 'प्रमाणित समुपदेशक' करून देणाऱ्यांचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात. त्यांना दर्जा विचारायला कोणी जात नाही; विचारतात ते गुणपत्रिका जपून आणणाऱ्या बाईला.