दुष्काळानंतरचा विश्वास

देवाला जिवाच्या आकांताने हाक मारली आणि काहीच घडले नाही, असा अनुभव कोवळ्या वयात ज्याला येतो, त्याने पुढे देव मानावा तो कशासाठी? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न अगदी उघड्यावर पडलेला आहे. त्यांच्याविषयी भक्तिभावाने लिहिणारे बहुधा त्याला वळसा घालून जातात.

मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब सापडले तेव्हा रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असतील. देवळांतून पुराणे सांगून जगणारी ही माणसे. होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागणे जिवावर येत होते. रानात पाणी, झाडपाला आणि मूठभर रानफळांवर दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास.

पुढची गोष्ट आपल्याकडे अशी सांगितली जाते की, दुःखाने पोळलेल्या या बाईला ख्रिस्ताच्या चरणी सांत्वन मिळाले. ती इतकी सरळ नाही. आईवडील गेल्यावर त्या चर्चकडे वळल्या नाहीत. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, तिथे पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवल्या गेल्या, ब्राह्मो विचारांच्या सहवासात आल्या. भाऊ वारला, १८८० मध्ये लग्न झाले, १८८२ मध्ये पती गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. तरीही त्यांनी आधी पुण्यात आर्य महिला समाज काढला. बाप्तिस्मा झाला तो १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. तो घेतल्यावरही सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्यांचे कडाक्याचे वाद चालले : चर्च सांगते म्हणून मानणार नाही, माझ्या विवेकाला पटले पाहिजे. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी सात-आठ वर्षे गेली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसला हा विश्वास नव्हे. काडीसाठी कोणी इतकी हुज्जत घालत नाही.

आईवडिलांचे देव पोकळ निघाले, असा निष्कर्ष रमाबाईंनी काढला. मला हा हिशेब पटत नाही. हाकेला ओ मिळाली की नाही यावरच देवाची परीक्षा घ्यायची, तर १८९६ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला आणि माणसे पुन्हा तशीच मेली. तेव्हा नव्या देवानेही पाऊस पाडला नाही. शिवाय ज्या अनंतशास्त्र्यांनी जनरीत झुगारून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, त्यांच्या श्रद्धेत बळ नव्हते असे कसे म्हणावे?

फरक दुसरीकडे कुठेतरी शोधावा लागतो. बायबलमध्ये तक्रारीला जागा आहे, आणि ती कोपऱ्यातली नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे म्हणजे देवाशी केलेले भांडण आहे. त्यांतली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८ वे वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात राहिले आहे. ईयोबाचे मित्र त्याला शहाणपणाचे चार शब्द सुनावतात : तुझेच काही चुकले असेल, देव न्यायी आहे. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. (आजही कोणाच्या घरी मयत झाले की ‘देवाची इच्छा’ म्हणत पहिल्या तासात हजर होणारे असतात. त्यांनी ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नसते.) आणि मत्तय व मार्क या दोघांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरच्या येशूचे नोंदलेले बोल एकच आहेत : देवाने आपल्याला का टाकले हा प्रश्न. त्याला आकाशातून उत्तर येत नाही.

बाप मरताना पाहिलेल्या मुलीला हा देव ओळखीचा वाटला असेल, तर नवल नाही. संकट टाळण्याची हमी त्याच्यापाशी नव्हती. पण टाकून दिलेल्या माणसाच्या जागी तो स्वतः उभा राहिला होता.

१८९७ च्या सुरुवातीला त्या मध्य प्रांतात गेल्या. आपली भूक त्यांना आठवत होती, तसे त्यांनी लिहिलेही आहे. दुष्काळातल्या सुमारे तीनशे मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती करता म्हणून पुण्यात काहूर उठले होते, हिंदू सल्लागार बाजूला झाले होते, पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. त्या वादात सगळी चूक पुणेकरांचीच होती असे मी म्हणणार नाही. मात्र मध्य प्रांतातल्या त्या मुलींना न्यायला दुसरे फारसे कोणी येत नव्हते, हेही खरे. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग आले, तेलाचा घाणा आला, छापखाना आला. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन निघाले, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायांसाठी कृपा सदन. यातल्या कशालाही सांत्वन म्हणणे मला जड जाते. सांत्वनाला इतकी पहार-कुदळ लागत नाही.

आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे रमाबाई बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कमी शिकलेल्या बाईलाही कळावे अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. संस्कृत जिभेवर असलेल्या पंडितेने सोपे लिहायचे, हा त्यांतला निम्मा त्रास असावा. काम संपत आले असताना, जुलै १९२१ मध्ये, मनोरमा गेली. मुक्तीचा कारभार जिच्या हाती सोपवायचा ती चाळिशीतच गेली. रमाबाईंचे कान केव्हाच गेले होते, प्रकृती ढासळली होती. जी स्तोत्रे त्यांनी स्वतः मराठीत आणली होती, त्यांतली अंधारात संपणारी ओळ त्या महिन्यांत त्यांच्या डोळ्यांसमोरून पुन्हा गेली असेल का? असेल तर ती त्यांनी होती तशीच ठेवली असणार.

भाषांतर पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले.