काटकसरीचा हिशेब

महिन्याची बावीस-तेवीस तारीख उलटली की घरातली सकाळ जरा हळू आवाजात सुरू होते. चहात साखर घालणारा हात अर्ध्या चमच्यावर थांबतो. गॅसचा सिलिंडर हलवून अजून किती दिवस जाईल याचा अंदाज घेतला जातो. तेलाची पिशवी वाटीत उलटी करून निथळत ठेवलेली असते. कोणी काही बोलत नाही, पण पगाराला किती दिवस उरलेत हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अशा सकाळी जुनी माणसं आठवतात. एकाच्या मिळकतीवर आठ-दहा तोंडं, शिवाय आला-गेला पाहुणा. आपल्या आज्या-पणज्यांनी हा गाडा ओढला तरी कसा?

त्यांच्या काटकसरीकडे आपण बहुधा मन मारण्याची गोष्ट म्हणून बघतो. पण ते मुळात एक कसब होतं, आणि त्याची सुरुवात वर्षाच्या आखणीपासून व्हायची. नवा तांदूळ दिवाळीच्या पुढे-मागे बाजारात येतो, तूर पौष-माघात, गहू फाल्गुन-चैत्रात, लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी. माल येतो तेव्हा भाव उतरलेला असतो, म्हणून ज्या त्या हंगामात ती ती बेगमी व्हायची. तूर भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून घरीच डाळ करायची. तिला किडीपासून जपायला एरंडेलाचा हात लावायचा. गव्हात कडुनिंबाचा पाला, चिंचेला मीठ. वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, सांडगे वाळायचे, कारण आषाढ-श्रावणात भाजी महागते हे आधीच धरलेलं असायचं. जून महिन्यात काय शिजेल याचा विचार मार्चमध्ये झालेला असे.

रोजच्या स्वयंपाकातही तीच नजर होती. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी फेकायचं नाही, त्या कटाची आमटी. लोणी कढवून तूप गाळलं की तळाशी उरलेल्या बेरीत साखर घालून ती मुलांच्या हातावर, आणि पातेल्याला चिकटलेलं तूप वाया जाऊ नये म्हणून त्याच पातेल्यात कणीक भिजवायची. दोडक्याच्या शिरा तीळ घालून परतल्या की चटणी. दुधी भोपळ्याच्या सालीचंही तेच. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, भाताला फोडणी, भाकरीचा ताकात काला. कोकणात उन्हाळ्यातल्या फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी जपून ठेवत, आणि भाजी नसेल त्या दिवशी कुळथाची पिठी असेच. यातलं काहीही तोंड वाकडं करून खाल्लं जात नव्हतं. कटाची आमटी तर सणाच्या ताटात पुरणपोळीशेजारी मानानं बसली.

कपड्याचंही आयुष्य असंच पुरेपूर वापरलं जाई. सुती लुगडं विरलं की मऊ पडलेल्या भागाची बाळाला दुपटी आणि लंगोट, उरलेले पट्टे गोधडीच्या थरात, आणि अगदीच चिंध्या झाल्या की फडकं नाहीतर पायपुसणं. सदऱ्याची कॉलर घासली की शिंपी ती उसवून उलटी लावून द्यायचा, आणि सदरा आणखी वर्षभर चालायचा. मोठ्याची चड्डी धाकट्याला, मोठीचा फ्रॉक धाकटीला, हे तर ठरलेलंच. घरात खरोखरच निरुपयोगी झालेलं तेवढं बोहारणीच्या पुढ्यात जाई, आणि तिथंही पातेलं हवं की डबा यावर तासभर घासाघीस होई.

हे सगळं आठवताना हरखून जायला होतं, आणि तिथंच जरा थांबून विचार करायला हवा. वर्षाची बेगमी करायला आधी हाताशी रक्कम लागते. धान्य ठेवायला जागा लागते, वाळवणाला गच्ची किंवा अंगण लागतं. ज्याची मजुरी संध्याकाळी हातात पडते आणि रात्रीपर्यंत संपते, त्यानं गव्हाचं पोतं घ्यावं कशानं? तो पाव किलो पीठ, पुडीतली चहापूड आणि वाटीभर तेल घेतो, आणि सुट्टा माल नेहमीच महाग पडतो. बचतीची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती सर्वांत अवघड. ‘दात कोरून पोट भरत नाही’ ही म्हण ज्यांनी केली, त्यांना हे चांगलं कळलेलं होतं.

मुंबईच्या गिरणगावात हे उघड दिसत होतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीनं, पाळ्यांप्रमाणे राहत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायका करत. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, धान्य मात्र रोज लागणार. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर काढावे लागत. या बायकांना काटकसर कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मूठभर डाळीत किती ताटांची आमटी होते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी वर्षानुवर्षं चुलीशी राबून हाती काही शिल्लक पडत नसे, कारण वाचवलेला दाणा व्याजात जात होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले, एकमेकींची हमी दिली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवलं. त्यानंतरही आमटी तीच होती आणि कष्टही तेच होते. सावकाराचं व्याज तेवढं सुटलं, आणि पैसा घरात राहायला लागला.

त्याआधी १९७२ मध्ये, दुष्काळाच्या आणि महागाईच्या दिवसांत, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या बायका लाटणं आणि थाळी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. घरात तेलाचा थेंबन् थेंब पुरवून वापरणाऱ्याच या बायका. आपल्या हातून काही वाया जात नाही याची खात्री असल्यामुळेच, मग तेल आणि साखर जाते कुठे, असं त्या सरकारला ठणकावून विचारू शकल्या. घरात जपून वापरायचं आणि बाहेर हक्कानं मागायचं, या दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबरीनं केल्या.

आता या हिशेबातलं एक अवघड कलम. जुन्या संसारात ‘पुरवून पुरवून’ वापरण्याची जबाबदारी बहुधा एकटीच्या गळ्यात होती. आधी मुलं जेवायची, मग पुरुष, मग वडीलधाऱ्या, आणि शेवटी ती. भाजी संपली की ती चटणीशी भाकरी खाई. दूध कमी पडलं की तिचा चहा कोरा. घरात अन्न कमी असल्याचं इतरांना कळायचंही नाही, इतक्या सफाईनं ती आपलं ताट आखडतं घ्यायची. आपण या गोष्टीचे गोडवे गायले, तिच्यावर गाणी रचली, पण पद्धत बदलली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत, पण शेवटी जेवण्याची आणि उरलंसुरलं खाण्याची सवय त्यात आहेच. अशी बचत महिनाअखेरीला वहीत जमेच्या बाजूला दिसते, आणि काही वर्षांनी दवाखान्याच्या खर्चात दामदुपटीनं वसूल होते.

पैशाचीही तीच कथा. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवाच्या तसबिरीमागे बाईनं नोटा साठवल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा घरोघरचे हे चोरकप्पे उघडे पडले. त्यावर पुष्कळ विनोद झाले. घराच्या अडीनडीसाठी साठवलेला पैसा तिला घरापासूनच का लपवावा लागला, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही. खर्च कुठं करायचा हे ठरवताना तिचं मत कोणी घेत नसे, म्हणून तिनं आपल्यापुरती ही सोय करून ठेवली होती.

तेव्हा जुन्या काटकसरीतलं काय घ्यावं आणि काय सोडावं, हे आपण निवडून घेतलं पाहिजे.

घ्यावी ती निगुती. हंगामातली भाजी, हंगामातलं धान्य. सगळं वर्षाचं भरणं जमणार नसेल तर निदान दोन-तीन महिन्यांची डाळ आणि तांदूळ भाव उतरल्यावर घ्यावे. शेजारच्या दोन घरांनी मिळून पोतं घेतलं तरी घाऊक भाव मिळतो. कडधान्य रात्री भिजवलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं, तर गॅस वाचतो. तूर परवडेनाशी झाली की मसूर, मूग, कुळीथ, चवळी यांची आलटून पालटून आमटी करायला हरकत काय? उसवलेलं शिवावं, तुटलेलं दुरुस्त करावं. यात कमीपणा मुळीच नाही, आणि मुलांच्या देखत केलं तर तेही शिकतात.

पण दात कोरण्याआधी व्याज बघावं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक. वीस हजारांची बाकी तशीच पुढं ढकलली तर महिन्याला सातशे रुपये नुसते व्याजाचे जातात. चौघांच्या घराची महिन्याची डाळ साधारण एवढ्यात येते. कोथिंबिरीच्या काड्या जपून ठेवायच्या आणि बाकी फेडायची नाही, यानं संसार सावरत नाही. सणासुदीला हप्त्यावर घेतलेला मोठा टीव्ही किंवा नवा फोन यांचाही असाच रोखठोक हिशेब मांडावा. ऋण काढून सण करू नये हे आपल्या वाडवडिलांनी वारंवार सांगितलं, कारण त्यांनी सावकार जवळून पाहिला होता. आज तो दारात येऊन उभा राहत नाही, फोनवर एका बोटानं कर्ज देतो, एवढाच काय तो फरक.

काही जागी मात्र कात्री लावूच नये. मुलांचं दूध, म्हाताऱ्यांची रोजची औषधं, शाळेची वह्या-पुस्तकं आणि घरातल्या बाईचं जेवण यांना हात लावण्याआधी बाकीचे सगळे खर्च तपासावेत. आणि जे हक्काचं आहे ते घ्यावं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पात्र असूनही लोक काय म्हणतील या धास्तीनं रेशनच्या दुकानाकडे न जाणारी घरं आहेत. लोक काय म्हणतात याचं वाण्याच्या दुकानात काही मिळत नाही.

सोडावं ते एकटीनं सोसणं. तंगी घराची असेल तर तिचा हिशेबही घरानं मिळून करावा. मिळकत किती, देणं किती, हे जाणत्या मुलांसमोर मोकळेपणानं बोलावं. मुलं बावरतील असं आपल्याला वाटतं, पण न बोललेल्या काळजीनं ती जास्त बावरतात. खरा आकडा कळला की बहुतेक मुलं आपणहून समजूतदार होतात; सहलीचा हट्ट पुढच्या वर्षावर जातो, रिक्षाऐवजी चालत जाणं सुरू होतं. पुरुषांच्या वाट्याला पानटपरी, सिगारेट आणि बाहेरच्या चहाचा खर्च असतो, तोही त्याच वहीत यावा. कपात वाटून घेतली की कोणा एकाला जाचत नाही, आणि वाटून घेतलेली गरिबी बरीचशी सुसह्य होते.

आज रविवार असो वा सोमवार, संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास काढा. एक साधी शाळेची वही घ्या आणि घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा. डाव्या पानावर आलेला पैसा लिहा, उजव्या पानावर गेलेला. जी जी कपात सुचेल तिच्यापुढं ती नेमकी कोणाच्या ताटातून होणार आहे, त्याचं नाव लिहा. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते पान फाडा आणि हिशेब नव्यानं मांडा.