हत्तू

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या पारावर दुसरा विषय नव्हता. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून मास्तरकीत आलेला माणूस, त्यानं पुस्तकातल्या धड्या-कवितांना क्यूआर कोड जोडले. एकानं मला विचारलं, ‘‘मग समद्याच मास्तरांला असलं काहीबाही यायला नको का?’’

मी तेव्हा निवृत्त झालो होतो. उत्तर पटकन सुचलं नाही. आठवली ती अक्कलकोट तालुक्यातली माझी पहिली शाळा.

मी गणिताचा माणूस. गाव सीमेवरचं. घरात कानडी, शाळा मराठी. तिसरीतली एक मुलगी फळ्यापाशी नुसती उभी राहायची. ‘‘सात नि तीन किती?’’ गप्प. एकदा मी सगळ्यांदेखत तिला ‘दगड’ म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तिची जागा रिकामी.

आठवड्यानं त्यांच्या शेतावर गेलो. खळ्यावर ज्वारीची रास होती. बाप पायलीनं पोती भरत होता आणि ती मोजत होती. ओंदू, एरडू, मूरू... दहा झाले की एक खडा बाजूला. मीही मनात मोजायला लागलो. मध्येच माझं चुकलं. तिचं चुकलं नाही.

बाप म्हणाला, ‘‘पोरगी हिशेबाला पक्की हाय की, गुर्जी. तुमची भाषा तिला येईना, एवढंच.’’

मला तिची येत नव्हती, हे तो बोलला नाही.

त्याच्याकडूनच आकडे शिकून घेतले. दुसऱ्या दिवशी वर्गात कानडीत मोजायला लागलो आणि दहाला म्हणालो ‘हत्ती’. कानडीत हत्ती म्हणजे कापूस. पोरं खदाखदा हसली. दारातून आवाज आला, ‘‘हत्तू, गुर्जी, हत्तू!’’ बापाचं बोट धरून तीच उभी होती.

पुढंही मला कानडी धड आली नाही. पण सगळ्यांपुढं आपलं चुकलं की कसं वाटतं, हे त्या दिवशी कळलं. हातात छडी असताना ते कळत नाही.

गुरुजीला सगळंच यावं, हे म्हणणं सोपं आहे. निवडणूक, जनगणना, खिचडीचा हिशेब आधीच त्याच्या गळ्यात. त्यात आणखी यादी वाढवली तर शिकवायचं कधी? आणि स्वतःचा विषयच कच्चा असेल तर बाकीच्या कला काय कामाच्या? मात्र समोरचं पोर जिथं अडलंय, तेवढं तरी शिकायची तयारी पाहिजे. डिसले गुरुजींना क्यूआर कोड लागला, मला दहापर्यंतचे आकडे.

पारावर मी एवढंच सांगितलं. ‘दगड’ म्हणालो होतो, ते सांगायचं टाळलं. ते इथं लिहितोय.