सामायिक पैका आणि जीवाचा प्रश्न

गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माळकरी आमच्याजवळ येऊन बसले. ऐन तरुणपणी मधुमेह जडला तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते रोज इन्शुलिनची सुई टोचून घेतात. म्हणाले, "महाराज, गर्भाच्या पेशींपासून मधुमेहावर नवे औषध निघते आहे म्हणे. अमेरिकेत त्यावरून धर्माची माणसे आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला, असे नातू सांगतो. उद्या ते इकडे आले तर माळकऱ्याने घ्यावे का?" आम्ही तेव्हा गप्प बसलो, कारण आम्हाला पुरती माहिती नव्हती. पुढे जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी वस्तू काय आहे ती पाहू. ज्यांना मूल होत नाही अशांसाठी स्त्रीबीज व पुरुषबीज काचेच्या बशीत एकत्र आणतात. या रीतीने पहिले मूल इंग्लंडात १९७८ साली जन्मले. बशीत गर्भ तयार होतात पुष्कळ, पण उदरात ठेवतात एकदोनच. बाकीचे गोठवून ठेवतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एकट्या अमेरिकेत असे सुमारे चार लाख गर्भ गोठलेले होते. पाचव्या दिवशी हा गर्भ म्हणजे टाचणीच्या टोकाहून लहान, शेदोनशे पेशींचा गोळा. त्याला हृदय नाही, मज्जा नाही. परंतु त्याच्या आतल्या पेशींतून शरीराचा कोणताही अवयव घडू शकतो, म्हणून त्यांना मूलपेशी म्हणतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली मनुष्याच्या अशा पेशी प्रथम वेगळ्या काढून वाढवल्या. अडचण एवढीच की, त्या काढल्या म्हणजे गोळा संपला.

तो गोळा जीव आहे काय? रोमन कॅथॉलिक पंथ म्हणतो, बीजसंयोगाच्या क्षणापासून त्याला मनुष्याप्रमाणेच वागवले पाहिजे. ते आपल्या म्हणण्याला धरूनही आहेत. काचेतल्या गर्भधारणेलाच त्यांच्या धर्मपीठाने १९८७ साली विरोध केला. पुष्कळ यहुदी शास्त्री म्हणतात, पहिले चाळीस दिवस गर्भ पाण्यासारखा, आणि जो उदरातच नाही त्याची गोष्टच वेगळी. मुसलमान शास्त्र्यांपैकी पुष्कळ जण एकशेवीस दिवसांनी प्राण येतो असे मानतात. आपल्याकडे तरी एकवाक्यता कोठे आहे? चरकसंहितेत शुक्रशोणिताच्या संयोगाबरोबर जीव उतरतो असे मत आहे, तर गर्भोपनिषदात जीवाचा योग सातव्या महिन्यात सांगितला आहे. आमचे मन चरकाकडे झुकते. ज्याच्या ठिकाणी वाढण्याची शक्ती आहे त्याला नुसती वस्तू म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

पण अमेरिकेतला वाद जीवाचा जेवढा होता, तेवढाच पैशाचा होता, आणि आम्हाला विचार करायला लावले ते त्या पैशाने. ज्या संशोधनात मानवी गर्भ नष्ट होतो त्याला मध्यवर्ती सरकारचा पैसा देऊ नये, असे कलम तिकडे १९९६ साली आले. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी मधला मार्ग काढला: आजवर जे गर्भ गेले, त्यांच्यापासून तयार असलेल्या पेशींवर सरकार खर्च करील, यापुढे जे जातील त्यांच्या पेशींवर नाही. २००६ साली तिथल्या संसदेने ही मर्यादा सैल करणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा बुश यांनी कारकिर्दीत प्रथमच नकाराधिकार वापरला. त्या दिवशी त्यांच्याभोवती मुले होती, आणि ती अशाच गोठवलेल्या, दुसऱ्या कुटुंबांनी आपल्याशा केलेल्या गर्भांतून जन्मलेली होती. ज्याला गोळा म्हणतात तो हसत समोर उभा! हे आम्हाला हसण्यावारी नेता येत नाही. पुढे २००९ साली अध्यक्ष ओबामा यांनी ती मर्यादा उठवली. त्यावर दावा झाला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिल्यावर तो मिटला.

बुश यांच्या बाजूचा युक्तिवाद वारकऱ्याला चटकन समजेल. दिंडीत आपण भिशी भरतो. ज्या दिंडीत कांदा-लसूण वर्ज्य मानणारे असतात, तिथे सामायिक पातेल्यात कांदा पडत नाही. ज्याला हवा त्याने घरी खावा. परंतु ज्याला तो चालत नाही त्याच्याच भिशीतून तो आणू नये. यात सौजन्य आहे, आणि आम्हाला ते मोलाचे वाटते.

तरी राज्य म्हणजे दिंडी नव्हे. दिंडीत आपण खुशीने सामील होतो. कर कोणी खुशीने भरत नाही. आणि आपल्या स्वतःच्या पैशाचे काय? दारूवरच्या अबकारी कराचे उत्पन्न महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीत येते, आणि त्याच तिजोरीतून झालेल्या रस्त्यावरून आपण पालखीबरोबर चालतो. माळकऱ्याने भरलेल्या करातून मत्स्यव्यवसायाला अनुदान जाते. म्हणून कोणी वारी सोडली नाही, की कर थांबवला नाही. ज्याला त्याला नको असलेला खर्च वगळत गेलो तर तिजोरीत खर्चायला काय उरेल?

आम्हाला खरी खटकली ती दुसरीच गोष्ट. मध्यवर्ती सरकारने पैसा अडवला, पण कृत्य अडवले नाही. खाजगी दवाखान्यांत गर्भ तयार होत राहिले, उरलेले टाकले जात राहिले, आणि खाजगी पैशावर त्यांतून पेशीही काढल्या जात राहिल्या. हार्वर्डचे डग्लस मेल्टन, ज्यांच्या दोन मुलांना लहानपणीच मधुमेह झाला, त्यांनी खाजगी देणग्यांवर सतरा नवे पेशीवंश तयार करून २००४ साली इतर संशोधकांना दिले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी तीनशे कोटी डॉलरांचे कर्ज काढायला संमती दिली. प्रयोगशाळांतून सरकारी पैशाचे यंत्र निराळे आणि खाजगी पैशाचे निराळे, अशी सोवळ्या-ओवळ्याची व्यवस्था लावावी लागली. हे वाचताना आम्हाला जुन्या काळचे स्वयंपाकघर आठवले. सोवळे सांभाळले गेले, पण एकही गर्भ त्यामुळे वाचला असे आम्हाला दिसत नाही. जर्मनीने निदान १९९० साली कायदा करून कृत्यावरच बंदी घातली, पैसा कोणाचाही असो. अर्थात पुढे २००२ साली परदेशात आधी तयार झालेल्या पेशी आणण्याची वाट त्यांनीही ठेवलीच.

मार्ग निघाला तो जपानात. शिन्या यामानाका यांनी मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकातून एक गर्भ पाहिला आणि त्यांना स्वतःच्या मुलींची आठवण झाली. दुसरा उपाय शोधलाच पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली मनुष्याच्या कातडीच्या पेशींना त्यांनी मूलपेशींचे रूप दिले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण यामुळे वाद संपला असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. मूलपेशी कशी असते हे गर्भातल्या पेशींवरूनच आधी कळले होते, आणि नवी पेशी बरोबर उतरली की नाही हे त्यांच्याशीच ताडून पाहिले गेले.

मधुमेहाचे म्हणाल तर २०२५ साली एका चाचणीचा निकाल आला. मूलपेशींपासून बनवलेल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी बारा रोग्यांना पुऱ्या मात्रेत दिल्या. वर्षाअखेर दहा जणांना सुईची गरज उरली नाही. मात्र परक्या पेशी अंगाने झिडकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना घ्यावी लागतात. जाता जाता सांगतो: आपल्या सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे, रक्ताच्या काही रोगांसाठी होणारे अस्थिमज्जारोपण वगळता, मूलपेशींचा उपचार मान्य चाचणीबाहेर करणे हा गैरव्यवहार आहे. गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सर्व काही मूलपेशींनी बरे करतो अशी पाटी दिसली तर तिथे पैसे भरू नका.

हे सर्व घेऊन आम्ही त्या गृहस्थांकडे पुन्हा गेलो. म्हटले, असले औषध गर्भापासून केलेले असले, तरी ते एकाच जुन्या वंशाच्या पेशी वाढवून करता येते. तुम्ही घेतल्याने नवा गर्भ जाईलच असे नाही. आणि एक विचारले. चाळीस वर्षांपूर्वी सुई सुरू झाली तेव्हाचे इन्शुलिन कशाचे होते, ठाऊक आहे का? त्या काळी ते बहुधा गाईबैलांच्या नाहीतर डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे.

ते बराच वेळ गळ्यातल्या माळेचे मणी चाचपत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरांनी तेव्हा सांगितले नव्हते. सांगितले असते तरी घेतले असते, महाराज. घरात दोन लहान लेकरे होती. पण सांगायला हवे होते."