काकडीचं पाणी

आज स्वयंपाकाची घाई नाही, असं धरून चाला. भोकरच्या बाजारातून आणलेल्या दोन कोवळ्या काकड्या, वाटीभर सायीचं दही, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू आणि शेपूच्या चार काड्या एवढंच पुढ्यात मांडा. जमत असेल तर खालीच बसा, विळी घेऊन.

आधी काकडी नुसती हातात धरा. बाहेर ऊन रणरणत असलं तरी ती गार लागते. तिच्या शंभर भागांतले पंच्याण्णव भाग पाणीच असतं. कुठल्या तरी विहिरीचं, बोअरचं पाणी वेलानं मुळांवाटे ओढलं आणि या हिरव्या सालीत भरून ठेवलं. तो भार थोडा वेळ तळहातावर राहू द्या.

आता देठाकडची चकती कापून जिभेच्या टोकाला लावा. कडू असेल तर थुंकून टाका, पण चव ओळखून मग थुंका. हिमालयाच्या पायथ्याशी काकडीची रानटी जात अजून उगवते, तीही कडूच. हा कडूपणा म्हणजे वेलीची किडीपासूनची राखण. माणसानं निवडून निवडून तो कमी केला, तरी ऊन तापलं, पाण्याची पाळी चुकली, की काही वेलींच्या फळात तो पुन्हा उतरतो. तेव्हा कडू काकडी लागली तर त्या शेतात पाण्याची ओढ होती का, एवढं मनात येऊ द्या. देठ घासून फेस काढला की कडूपणा जातो म्हणतात; माझा त्यावर फारसा विश्वास नाही. दोन बोटं जास्त कापावं हे बरं. पण घासण्याच्या निमित्तानं हात जरा रेंगाळतो, तेवढ्यासाठी खुशाल घासा.

एरवी आपण काकडी चोचवतो. आज जर्मन घरांत काकडीच्या सॅलडसाठी करतात तशा चकत्या करा, पलीकडचं बोट दिसेल इतक्या पातळ. विळीवर हे सावकाशच होतं. एक चकती पडू द्या, मग दुसरी.

ताटात पसरून वर मीठ भुरभुरा आणि हात बाजूला ठेवा. दहा-पंधरा मिनिटं काही करायचं नाही, बघायचं. आधी मिठाचे दाणे ओले होतात, मग दिसेनासे होतात. चकत्यांच्या कडा मऊ पडतात आणि ताटाच्या उताराकडे पाणी जमू लागतं. बाहेर मीठ जास्त, आत कमी, म्हणून आतलं पाणी बाहेर ओढलं जातं; कोणी पिळलेलं नाही, दाबलेलं नाही. लक्ष भरकटलं तर पुन्हा त्या उताराकडे आणा. आपल्या भागातल्या माणसाला सुटलेल्या पाण्याकडे नुसतं बघत बसणं सोपं नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेही मनात येईल. येऊ द्या.

मग चकत्या मुठीत घेऊन हलक्या हातानं पिळा. जर्मनीत हे पाणी बहुधा मोरीत जातं. तुम्ही ते भांड्यात धरा.

ते लोक यात आंबवलेली साय घालतात. आपण लोण्यासाठी दिवसेंदिवस साठवून विरजतो, तीच ही वस्तू. घुसळायच्या आधीच उचललेली. दोन्हीकडे आंबटपणा आणणारे जिवाणूही एकाच गोतातले. दही गुठळी मोडेपर्यंत फेटा, साखर घाला, लिंबू पिळा. शेपू अगदी बारीक चिरा आणि चिरल्यावर बोटं नाकाशी न्या. भाजी म्हणून ताटात वाढला तर आपल्याकडची निम्मी पोरं नाक मुरडतात, पण कच्चा शेपू दह्यात वेगळाच वागतो. बर्लिनच्या आग्नेयेला श्प्रेवाल्ड नावाचा पाणथळ मुलूख आहे. तिथली शेपू घालून मुरवलेली काकडी इतकी नावाजलेली, की १९९९ पासून युरोपात त्या नावाला संरक्षण आहे. वेल मात्र मूळची आपल्याकडची. तिथे ती पोहोचली आणि नदीकाठच्या ओलीत रमली.

आता सगळं एकत्र करा. दाण्याचा कूट, हिरव्या मिरचीची फोडणी घालायला हात शिवशिवेल. आज आवरा. कूट घातला की ती आपली कोशिंबीर होते, चांगलीच होते, पण एका वाडग्यात दोन्ही सुखं मागू नयेत. पहिला घास खाताना आधी गारवा येतो, मग आंबट, आणि चकती दाताखाली अजून कुरकुरते. पिळलं नसतं तर एव्हाना दही पातळ झालं असतं.

भांड्यातलं पाणी धपाट्याच्या पिठाला घ्या. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तिखट, ओवा, तीळ. त्या पाण्यात मीठ आधीच उतरलंय, तेव्हा पिठात पुन्हा घालताना हात आखडता ठेवा.